मुका खल : सुप्याची खते, दिवाळीचे किल्ले आणि पडद्यावरचे मौन

मराठी रंगभूमीच्या आणि कथनपरंपरेच्या इतिहासात खल हा मुळात बोलणारा आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्यानंतर काही दशके चाललेल्या पौराणिक नाटकांत राक्षसाचा प्रवेश राळेच्या भपक्यात आणि कानठळ्या बसविणाऱ्या आरोळ्यांत होत असे. या आरोळ्यांवरूनच त्या नाटकांना मागाहून ‘अललडुर्र’ असे थट्टेचे नाव पडले. कीर्तनातला रावण, सोंगातला हिरण्यकशिपू, पुढे गद्यपद्य नाटकांतले कपटी कारभारी, हे सारे बोलके आहेत. त्यांची दुष्टता प्रेक्षकाला कळते ती त्यांच्याच तोंडून. ते स्वगतात कट रचतात, भर सभेत दर्पोक्ती करतात आणि अखेरीस आपल्याच शब्दांत सापडून मरतात. या परंपरेत न बोलणारा, न उलगडणारा खल केव्हा आला आणि तो लोभस का वाटू लागला, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही. परदेशी चित्रपटांबरोबर आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या खेळण्यांबरोबर तो आला, असे गृहीत धरून चालण्याची रीत आहे. ती अर्धीच खरी आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचा इतिहास समोर ठेवला, तर मुक्या खलाची एक वेगळी, घरची वंशावळ हाती लागते.

बारामती हे मोरोपंतांचे गाव. पन्हाळ्यास १७२९ साली जन्मलेले हे कवी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हेच्या काठी स्थिरावले आणि १७९४ साली तेथेच निवर्तले. त्यांचे ‘आर्याभारत’ कीर्तनकारांनी गावोगावी नेले, आणि त्याबरोबर विराटपर्वातील कीचकाचे आख्यानही गेले. या आख्यानाची मांडणी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बोधक आहे. कीचक अखंड बोलतो. सैरंध्रीची आर्जवे करतो, स्वतःच्या रूपाची आणि सत्तेची प्रौढी मिरवतो, आणि नर्तनशाळेच्या अंधारात शिरल्यावरही त्याच्या तोंडाला खळ पडत नाही. त्या अंधारात निश्चल, न बोलता पडून आहे तो भीम. म्हणजे येथे मौन हे सूड घेणाऱ्याचे शस्त्र आहे. बडबड ही खलाची ओळख आहे.

इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा आणि भीमा यांच्या संगमावर नरसिंहपूर आहे. तेथल्या दैवताची कथाही याच रचनेची. हिरण्यकशिपू प्रश्नावर प्रश्न करतो, खांब मुका असतो. आणि तो मुका खांब दुभंगून देव प्रकटतो. मौनाच्या पोटात न्याय दडलेला असतो, ही श्रद्धा या कथांच्या मुळाशी आहे. मोरोपंतांनी ओष्ठ्य वर्ण टाळून ‘निरोष्ठ रामायण’ रचले, त्याचीही येथे जाता जाता आठवण होते. ज्या रचनेत मकारच वर्ज्य आहे, तिच्यात ‘राम’ हे नाव येऊच शकत नाही. नायकाचे नाव उच्चारल्याविना नायकाची कथा सांगण्याचा हा खेळ शब्दचमत्कृतीचा आहे खरा. परंतु अनुच्चाराला जी प्रतिष्ठा या परंपरेने दिली होती, ती त्यातूनही दिसते. जे सर्वश्रेष्ठ, ते न बोलता राहू शकते. खलाला ही सवलत नव्हती.

ती त्याला मिळाली एकोणिसाव्या शतकात, आणि ती रंगभूमीवर नव्हे, तर कागदावर.

मुंबई इलाख्याच्या महसूल पाहणीचा आरंभ इंदापूर तालुक्यापासून झाला, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. प्रिंगलच्या आधीच्या आकारणीचा बोजवारा उडाल्यानंतर १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी येथे नव्याने मोजणी केली. जमिनीचा प्रत लावला, तिची आण्यांत प्रतवारी केली, प्रत्येक शेताला क्रमांक दिला आणि तीस वर्षांसाठी सारा ठरवून टाकला. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या प्रकाराकडे केवळ महसुलाची बाब म्हणून पाहू नये. आजवर पाटलाशी, कुलकर्ण्याशी, मामलेदाराशी बोलून, रडून, भांडून जे ठरत असे, ते आता आकड्यात ठरू लागले. आकड्याशी भांडता येत नाही. तीस वर्षे सरल्यावर १८६७ च्या सुमारास फेरआकारणी झाली तीही प्रथम इंदापुरातच, आणि साऱ्यात मोठी वाढ झाली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला चढलेला भाव तोवर उतरला होता. सारा रोख भरावयाचा, रोख सावकाराकडे, आणि सावकाराकडे जावयाचे तर खत लिहून द्यावयाचे.

या खताचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. लिहिणारा दुसराच कोणी असे, बहुधा सावकाराचाच माणूस. मजकुरात अमुक इतके रुपये रोख पोचल्याची कबुली असे. प्रत्यक्षात किती पोचले, हे मजकूर सांगत नसे. खाली कुणब्याची निशाणी म्हणून नांगर काढलेला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने अशा कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली ती ऋणकोच्या हितासाठी; परंतु तिचा परिणाम असा झाला की दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत होऊ लागले, आणि आधीच्या खताचा इतिहास नव्या खतात पुसला जाऊ लागला. प्रत्येक नवे खत जणू आजच जन्मलेले, त्याला ना आई ना बाप. दिवाणी न्यायालयात ते हजर केले की ते स्वतःच साक्ष देई. ज्याला वाचता येत नाही असा प्रतिवादी न्यायालयापर्यंत जाईच असे नाही, आणि मग हुकूमनामा एकतर्फी होई. कोणी दरडावले नाही, कोणी शस्त्र उगारले नाही, कोणी दर्पोक्ती केली नाही. आणि जमीन गेली. खलाच्या पारंपरिक व्याख्येत हे कृत्य बसत नव्हते, कारण त्याला आवाज नव्हता.

१२ मे १८७५ रोजी सुपे येथे, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, भोवतालच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आज ते बारामती तालुक्यात आहे. तेथून दंग्यांचे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले, इंदापूरही त्यातून सुटले नाही. त्याआधीच्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारावर बहिष्कार घातला होता, म्हणजे न बोलण्याचे, व्यवहार न करण्याचे अस्त्र गावाने उचलले होते. सुप्यात मात्र लोक आले ते कागदासाठी. पुढे नेमलेल्या चौकशी मंडळाने नोंदविलेली सर्वांत लक्षणीय गोष्ट हीच, की दंगेखोरांचा रोख माणसांवर नव्हे, खतांवर होता. जेथे सावकाराने खते मुकाट्याने हवाली केली तेथे बहुतेक वेळा आणखी काही झाले नाही. जेथे त्याने ती नाकारली तेथे बळ वापरले गेले. धान्य आणि कापड लुटले गेले हे खरे, परंतु जाळण्यासाठी निवडला गेला तो कागदच. अपराध्याला शासन करावयाचे, आणि अपराधी हा एक लिहिलेला चौकोन आहे. मराठी मुलखाच्या इतिहासात खलाची अशी ओळख याआधी क्वचितच पटली असेल.

येथे एक अप्रिय गोष्टही नोंदविणे आवश्यक आहे. बिनचेहऱ्याच्या खलावर राग धरून राहणे मनुष्यस्वभावाला कठीण जाते. तो चेहरा शोधतो. सुप्यात आणि इतरत्र हल्ल्याचे लक्ष्य झाले ते मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकार. ब्राह्मण सावकार पुष्कळसे बचावले. व्यवहार एकाच जातीचा असूनही बाहेरून आलेल्यांचा चेहरा त्या कागदावर चिकटविणे सोपे गेले. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) सरकार, भटकामगार आणि सावकार यांची साखळी एकत्र मांडली, ती या सोप्या चेहऱ्याला नकार देणारी म्हणून अधिक मोलाची आहे. मुक्या खलाचे आकर्षण तपासताना त्याच्या रिकाम्या चेहऱ्यावर कोण काय चिकटवतो, हे पाहणे सुटता कामा नये.

पन्नास वर्षांनी हा खल पडद्यावर आला. कोल्हापुरात बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. सावकाराच्या कपटाने जमीन गमावून शहरातल्या गिरणीकडे वळणाऱ्या तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. याच कंपनीच्या ‘सैरंध्री’ने (१९२०) कीचकवध पडद्यावर आणला होता, आणि तो प्रसंग इतका जिवंत उतरला की सेन्सॉरने त्याला हरकत घेतली. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकातला (१९०७) कीचक लॉर्ड कर्झनच्या भाषेत बोलतो असे प्रेक्षकांनी ओळखले होते आणि १९१० साली सरकारनेही ओळखून नाटकावर बंदी घातली होती. पेंटरांच्या कीचकाला ती भाषा उरलीच नाही. मूकपटात सगळेच मुके. त्यामुळे पौराणिक खलाचे फार मोठे नुकसान झाले असे म्हणता येईल. त्याला हातवारे करून, डोळे वटारून आपल्या गेलेल्या वाणीची भरपाई करावी लागली. सावकाराचे काहीच नुकसान झाले नाही. तो आधीपासूनच मुका होता.

‘सावकारी पाश’च्या त्या मूक आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही, तिच्याविषयी बोलताना आठवणींवर विसंबावे लागते. जे. बी. एच. वाडिया यांच्या आठवणीत तिच्यातील एक दृश्य राहिले : अंधूक उजेडात घेतलेली एक उदास झोपडी, आणि त्या दृश्याला धार आणणारे कुत्र्याचे रडणे. मूकपटातले रडणे! आवाज नसताना तो स्मरणात ऐकू येतो, ही घटना चित्रपटमीमांसेच्या दृष्टीने सामान्य नव्हे. मिशेल शियों यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात चित्रपटातील मुक्या पात्राचा विचार करताना असे सुचविले आहे, की जो बोलत नाही त्याला सर्व काही ठाऊक असावे असा संशय प्रेक्षकाच्या मनात येतो. वोल्फगांग इझर यांच्या परिभाषेत हे संहितेतले रिक्त स्थान; ते वाचकाने भरावयाचे असते. मात्र १९२५ च्या खेड्यातल्या प्रेक्षकाबाबत आणखी एक गोष्ट घडत होती. मूकपटातल्या पाट्या वाचता न येणाऱ्यांना कोणीतरी त्या मोठ्याने वाचून दाखवी. पडद्यावरचा शेतकरी ज्या खताला फसला तेही त्याला दुसऱ्यानेच वाचून दाखविले होते. चित्रपटाची घटना आणि चित्रपट पाहण्याची रीत यांचा असा तंतोतंत मेळ फार थोड्या कलाकृतींच्या वाट्याला येतो. १९३६ साली पेंटरांनी हाच विषय बोलपटात पुन्हा केला. नाव मात्र राहिले ते मूकपटाचेच.

पडद्याबाहेरही मुका शत्रू होता, आणि तो मुलांच्या हाती होता. दिवाळीत पुणे जिल्ह्यातल्या अंगणाअंगणांत किल्ले होतात. बारामती-इंदापूरही त्याला अपवाद नाही. या किल्ल्यांना येथे आणखी एक संदर्भ आहे. पुणे-सुप्याची जहागीर भोसल्यांची, आणि मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले असे परंपरा सांगते. किल्ला दगडविटांचा, वर चिखल थापलेला, त्यावर हळीव पेरलेले. कुंभाराकडून आणलेली मातीची चित्रे त्यावर मांडली जातात : माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजीमहाराज, बुरुजांवर मावळे, दारात भालदार, उतारावर गवळण, पायथ्याच्या शेतात बैलजोडी, आणि प्रमाणाचा विधिनिषेध न बाळगता कोठेतरी एक वाघ. अफझलखानाच्या वधाचा देखावा कधी कधी असतो. एरवी या साऱ्या रचनेत शत्रू बहुधा नसतोच. बुरुजावरचे सगळे मावळे बाहेर तोंड करून उभे असतात. ज्याच्याकडे ते पाहतात तो मांडलेला नसतो. किल्ल्याचा सगळा अर्थ त्या न मांडलेल्या शत्रूवर उभा आहे. तो नाही म्हणून कोणाचाही होऊ शकतो : आज मोगल, उद्या शेजारच्या आळीतला पोरगा, परवा रात्रीतून किल्ला तुडवून जाणारे मोकाट गुरू. त्याचा आवाज काढतो तो मुलगाच, आणि खेळ रंगला की मावळ्यांपेक्षा त्याला तोच आवाज अधिक जमतो.

बोदलेरने १८५३ मध्ये खेळण्यांवर लिहिताना मुलांच्या एका ओढीची नोंद केली आहे. मुलाला खेळण्याचा आत्मा पाहावयाचा असतो. म्हणून ते त्याला उलटसुलट करते, आपटते, शेवटी फोडते. आत काही नसते आणि तेथून खिन्नतेला आरंभ होतो. रोलाँ बार्थ यांनी एका शतकानंतर खेळण्यांवर टीका केली ती वेगळ्या कारणासाठी : आधुनिक खेळणे आपला अर्थ आधीच सांगून टाकते, मुलाला काही निर्माण करावयास ठेवत नाही. दिवाळीचा किल्ला या दोन्ही आक्षेपांतून सुटतो. त्यातला शत्रू फोडता येत नाही, कारण तो नाही. आणि त्याचा अर्थ आधी सांगितलेला नाही, कारण तो कोणी बनविलेलाच नाही.

१९७५ साल या दृष्टीने विलक्षण आहे. सुप्याच्या दंग्यांना त्या वर्षी शंभर वर्षे झाली, याची दखल चित्रपटसृष्टीने घेण्याचे कारण नव्हते. परंतु योगायोगाने त्याच वर्षी दोन चित्रपट आले. ‘शोले’तला गब्बर हा अललडुर्र परंपरेचा थेट वारस. तो हसतो, दरडावतो, विनोद करतो. त्याची वाक्ये ध्वनिमुद्रिकांवरून विकली गेली आणि लग्नाच्या मांडवात वाजली. पण त्याच्या शेजारी, उंच खडकावर बंदूक घेऊन बसलेला सांबा आहे. मॅक मोहन यांच्या या पात्राला चित्रपटात बोलण्यासारखे जवळजवळ काहीच नाही. तरी त्याचे नाव गावोगाव झाले. त्याचे गाव कोणते, तो डाकू का झाला, त्याला गब्बरविषयी काय वाटते, यातले काहीच चित्रपट सांगत नाही. तो खडकावर मांडलेला आहे, एवढेच. बुरुजावरच्या मातीच्या मावळ्याची हीच स्थिती असते. ज्या मुलांनी दिवाळीत दगडावर चित्र ठेवून त्याच्याऐवजी स्वतः बोलण्याचा सराव केला होता, त्यांना सांबा अनोळखी वाटण्याचे कारण नव्हते.

दुसरा चित्रपट ‘सामना’. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, पटकथा विजय तेंडुलकरांची. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये वाहता झाल्यापासून या भागाचे रूप पालटले होते. कोरडवाहू ज्वारीच्या जागी ऊस आला; वालचंदनगर उभे राहिले; पुढे सहकारी कारखान्यांची धुराडी दिसू लागली. सावकाराची खाजगी सत्ता ओसरली आणि संस्थेची आली. ‘सामना’तले गाव काल्पनिक आहे, त्याला नकाशावर एक जागा देऊन टाकणे अन्यायाचे होईल, पण साखर कारखान्याच्या छायेतला कोणताही प्रेक्षक तो चित्रपट परका म्हणून पाहू शकत नव्हता. निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे पाटील मुका नाही. तो बोलतो, पण दबक्या, ओढलेल्या स्वरात, आणि बोलता बोलता वाक्य सोडून देतो. उरलेले समोरच्याने समजून घ्यावयाचे असते. ‘एक गाव बारा भानगडी’तल्या (१९६८) झेलेअण्णापासून फुल्यांनी ही शैली घडवीत आणली होती. मात्र ‘सामना’तला खरा मुका खल हिंदुराव नसून गाव आहे. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर मारुती कांबळेचे नाव उच्चारतो आणि जो तो गप्प होतो. सत्तेचे मौन आणि सत्तेखालच्यांचे मौन येथे एकच होऊन जाते. तेंडुलकरांनीच पटकथा लिहिलेल्या ‘अर्धसत्य’मध्ये (१९८३) सदाशिव अमरापूरकर यांचा रामा शेट्टी मोजक्याच प्रसंगांत येतो आणि आवाज चढवीत नाही, त्याला त्याची गरज पडत नाही. अमरापूरकर रंगभूमीवरून आले होते, तेथल्या खलाच्या दर्पोक्तीची सर्व साधने त्यांच्यापाशी होती. त्यांनी ती वापरली नाहीत.

पाश्चात्त्य चित्रपटातले या जातीचे सर्वांत गाजलेले उदाहरण याच काळातले आहे. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतला बोबा फेट हा शिरस्त्राणाने तोंड झाकलेला भाडोत्री शिकारी ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये (१९८०) मोजकी चार वाक्ये बोलतो. पण त्याआधीच, १९७९ मध्ये, केनर कंपनीने त्याची बाहुली टपालाने मुलांच्या हाती पोचविली होती. चित्रपटाने त्याला अर्थ देण्यापूर्वी मुलांनी तो देऊन ठेवला. १९८३ च्या चित्रपटात तो हास्यास्पद घाईने मरतो, तरी त्याच्याविषयीचे कुतूहल मेले नाही. पुढे २००२ च्या ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’ने त्याला बालपण दिले, बाप दिला, बापाचा डोळ्यांदेखत झालेला मृत्यू दिला, आणि २०२१ पासून त्याच्या नावाने स्वतंत्र मालिका आली, तीत तो पुष्कळ बोलतो. त्यातून त्याचे गूढ वाढले असे म्हणणारा रसिक विरळाच. बोदलेरच्या मुलाने खेळणे फोडून पाहिले.

कलेच्या क्षेत्रातला निर्णय यावरून सोपा दिसतो : मुक्या खलाला पूर्वकथा देऊ नये. शेक्सपिअरने इयागोला शेवटी हेच करू दिले आहे. चार अंक स्वतःच्या दुष्टतेची कारणे शोधत फिरणारा, प्रत्येक स्वगतात वेगळे कारण सांगणारा हा बडबड्या खल पकडला जाताच पुढे एक शब्दही न बोलण्याचे ठरवतो, आणि तेथून तो खरा भयंकर होतो. कोलरिजने त्याच्या स्वगतांत हेतूच्या शोधात निघालेली हेतुशून्यता पाहिली, ती या मौनामुळेच पूर्ण होते.

पण इतिहासाच्या क्षेत्रात हा निर्णय उलटा होतो. मौन, मुकेपणा आणि निरुत्तरपणा या तीन गोष्टी मराठीत आपण सैलपणे एकमेकींच्या जागी वापरतो. भीमाचे अंधारातले मौन स्वेच्छेचे आहे आणि ते मोडण्यासाठीच धरलेले आहे. निशाणीचा नांगर काढणाऱ्या कुणब्याचा मुकेपणा लादलेला आहे. खताचे न बोलणे या दोहोंहून निराळे. त्याला उत्तर देण्याचे बंधनच नाही. पडद्यावरच्या मुक्या खलाकडे प्रेक्षक ओढला जातो, तेव्हा त्याला भुरळ पडते ती बहुधा या तिसऱ्या गोष्टीची. ज्याला कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही, ज्याच्याकडे कोणी खुलासा मागू शकत नाही, अशा स्थितीची ती भुरळ आहे. आणि ज्यांना रोज कोठल्या ना कोठल्या खिडकीपुढे खुलासे द्यावे लागतात त्यांना ती अधिक पडते. समीक्षेने तिला ‘गूढता’ हे प्रतिष्ठित नाव दिले, त्यात समीक्षेची थोडी फसवणूक झालेली आहे.

सुप्याच्या दंग्यांनंतर नऊशेंहून अधिक माणसे धरली गेली आणि चौकशी मंडळाचा अहवाल आला. त्यामागोमाग १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. त्यातली मध्यवर्ती तरतूद या लेखाच्या विषयाशी थेट भिडते. शेतकऱ्यावरील कर्जाच्या दाव्यात न्यायालयाने केवळ समोरच्या खतावर विसंबू नये. व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास तपासावा, मुद्दल किती, व्याज किती, आधीची खते कोणती, हे विचारावे, असे या कायद्याने सांगितले. म्हणजे मुक्या खलाची पूर्वकथा विचारण्याचा अधिकार कायद्याने दिला. कथेत जे केल्याने खलाचे आकर्षण संपते, तेच येथे न्यायाचे पहिले पाऊल ठरले. शिवाय शेतकऱ्याने करून द्यावयाचे दस्तऐवज गावोगावच्या निबंधकांपुढे व्हावेत अशी व्यवस्था झाली. म्हणजे कागद लिहिला जात असतानाच तिसऱ्या माणसाच्या कानावर पडावा.

काही वर्षे याचा उपयोग झाला. सावकारांनी हात आखडता घेतला, दावे घटले. मग व्यवहाराने आपले रूप बदलले. गहाणखताचा इतिहास न्यायालय उकरून काढते, तर गहाणखत नकोच. सावकार थेट खरेदीखत मागू लागले. पैसे फिटले की जमीन परत देऊ, असे वचन दिले जाई ते तोंडी. निबंधकापुढे होणारा दस्त सरळ विक्रीचा असे, त्यात मुद्दल नसे, व्याज नसे, आधीचे काही नसे. आणि परतीच्या वचनाविषयी त्यात एक अक्षरही नसे.